पंखा बंद ठेवा

फोनवरची मुलगी आधी एवढंच म्हणाली,
पंखा बंद ठेवा.
डोक्याखाली उशी द्या, पापण्या मिटा,
वर ओला कापूस.
मी जळगावहून निघतेच.

मे महिना. भुसावळ. सेहेचाळीस.
कुत्रीसुद्धा नळाखालच्या चिखलात पोट टेकून,
आणि मी माणसांनी भरलेल्या खोलीत
उठून बटण दाबलं.
मग कूलरचंही.

पाती थांबेपर्यंत कोणी बोललं नाही.
एकानं लग्नपत्रिका उचलली, स्वतःला वारा घेऊ लागला.
आई पदरानं नानांना वारा घालत होती, सवयीनं.
मी तिचा हात धरला.
असं करावं लागेल हे कुणी सांगितलं नव्हतं.

वासुदेव तोताराम फेगडे.
मालगाडीवर छत्तीस वर्षं, कधी बडनेरा, कधी इगतपुरी.
दर काही वर्षांनी रेल्वेचे डॉक्टर
त्यांचे डोळे तपासून शिक्का द्यायचे.
त्या आठवड्यात घरात गाजरं यायची
आणि रेडिओ हळू लागायचा, का ते माहीत नाही.
लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा:
रंग मी या क्रमानं शिकले.
दोन पिवळे हा वेगळाच रंग असतो
असं मला पहिलीपर्यंत वाटायचं.

"पुढच्या जल्मी आंधया येईन नं तो!"
यमुनाआत्या भिंतीला टेकून म्हणाली.
प्रल्हादकाका म्हणाले, "फॉर्म भरेल होता का त्यानं?"
फॉर्म नव्हता.
कपाटात पेन्शनची फाइल, एक शिट्टी,
आणि जुन्या चष्म्यांच्या चार डब्या.

ती आली तोंडाला ओढणी बांधून, स्कूटरवर,
बर्फाचा डबा पायांमध्ये.
वळवी. नंदुरबारकडची.
दोन तांबे पाणी प्याली, मग बोलली.
फॉर्म नसला तरी चालतं, घरच्यांची सही लागते.

मोतीबिंदू काढलाय हो त्यांचा, आई म्हणाली.
चालतं.
चष्मा जाड होता.
चालतं, काकू.
शुगर होती.
चालतं.
आईजवळची कारणं संपत आली होती.

अख्खा डोळा नेता?
नाही. पुढची काच. घड्याळावर असते तशी.
आणि त्यांनी पाहिलेलं?
ते नाही येत काढता.
ते इथंच राहतं.

आईनं पेन मागितलं.
बँकेत करते तशी सही, एकेक अक्षर सुटं.

कुणाला बसवणार, मी विचारलं.
वळवी हातमोजे घालत होती.
यादी लांब आहे, ताई.
केळीच्या पानाचा फटका बसून बुबुळ पांढरं झालेले,
तंबाखूचा चुना डोळ्यात उडालेले,
फैजपूरची एक पोर आहे, पाच वर्षांची.
मी फक्त नेते. कुणाला, ते मला विचारू नका.

दार वीस मिनिटं बंद होतं.

एकदा मी डबा द्यायला स्टेशनात गेले होते.
ड्रायव्हर बदलायची वेळ.
नाना खिशातल्या फडक्यानं
इंजिनाची समोरची काच पुसत होते, घासून घासून,
नागपूरपासूनचे सगळे मेलेले किडे.
म्हटलं, नाना, तुमची ड्यूटी तर संपली.
"आता कुरेशी बसीन.
त्याले काय किड्यांतून पाहाले लावू?"

दार उघडलं.
पापण्या होत्या तशाच मिटलेल्या.
आत्यानं वाकून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.
काही बोलली नाही.

फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, लांबलचक.
वळवी स्कूटर बंद करून उन्हात उभी,
एक हात डब्यावर, नजर घड्याळात.
मी खिडकीतून डबे मोजत राहिले, चुकले, सोडून दिले.

घरात पंखा अजून बंदच.
सगळे घामानं निथळत, आणि कुणी उठेना.
शेवटी आत्याच उठली. "लाव बा आता," असं स्वतःलाच म्हणत
तिनं बटण दाबलं.

गरम वारा सुटला.
उशीवरचा कापूस उडून फरशीवर पडला.
आईनं उचलला.
अजून ओला होता.